भोंग्याचा आवाज

आपल्या डाव्या कानानेही आता मान टाकली, याची खात्री आबांना पटली ती जेवणाच्या टेबलावर. नात समोर बसून काहीतरी सांगत होती. ओठ हलत होते, पण आबांपर्यंत एक अक्षर पोहोचत नव्हतं. ऐकू न येणारा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. हसून मान डोलावली आणि म्हणाले, "हो, हो, बरोबर आहे तुझं." शेवटी नात उठली आणि तिने त्यांच्या कोपराजवळची मिठाची बरणी स्वतःच उचलून घेतली. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की पोरगी मघापासून मीठ मागत होती आणि आपण तिला नुसता पाठिंबा देत बसलो होतो.

उजवा कान त्यांनी फार पूर्वीच कारखान्याला देऊन टाकला होता. बंद बॉयलरच्या पोटात शिरायचं आणि आतल्या लोखंडावर साचलेले थर हातोडीने ठोकून काढायचे, हा त्यांचा धंदा. त्या धंद्यातून दोन्ही कान शाबूत घेऊन घरी आलेला माणूस आबांनी पाहिलेला नव्हता. डावा अर्धामुर्धा उरला होता. त्याच्यासाठी कानात घालायचं एक मशीन मिळालं होतं, पण आबांचं आणि त्या मशीनचं कधी सूत जुळलं नाही. ते घातलं की माणसांच्या आधी खुर्च्या ऐकू येतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मशीन कपाटाच्या खणात निवांत पडून असे. मशीनशिवाय त्यांना ऐकू यायची ती एकटी नात. आता तीही ऐकू येईनाशी झाली, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ते कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आबांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर डबड्या चढवल्या, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणून सांगितलं. आबांनी परीक्षेला बसल्यासारखं अंग चोरून ते बटण दाबलं.

"कान होता तिथेच आहे," डॉक्टरीणबाई त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाल्या. "तसूभरही कमी झालेला नाही."

"मग नात का ऐकू येत नाही?"

"मग नातीचा घसा दाखवा कुणाला तरी."

आबा हसले खरे, पण बसमध्ये बसल्यावर ते हसू टिकलं नाही. घसा धरला असता तर ती खोकली असती, गरम पाणी प्यायली असती. तसं काही नव्हतं. पोरगी हळू बोलत होती, आणि मुद्दाम बोलत होती.

नातीला तसं चारचौघांत सांगण्यासारखं छान नाव होतं, पण घरात त्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघत नसे. घरात ती भोंगा. तिची आई, म्हणजे आबांची लेक, दूरच्या शहरात इस्पितळात नर्स होती, सुट्ट्यांना येई. बाप पोर रांगायच्या आधीच गेला. पोरीला वाढवलं ते आबांनी. पाळण्यात असताना तिने पहिल्यांदा भोकाड पसरलं, तेव्हा पेपर वाचणाऱ्या आबांनी पेपर खाली ठेवला होता. "आलं ऐकू," ते लेकीला म्हणाले होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. कारखान्याचा भोंगा बंद झाल्यापासून त्यांच्या कानात मशीनशिवाय शिरलेला तो पहिलाच आवाज. तेव्हापासून ती भोंगा, आणि या नावाचा तिला भलताच अभिमान.

तिला बोलायला शिकवलं तेही आबांनीच, म्हणजे त्यांच्या सोयीने. आधी टेबलावर तळहात दोनदा मारायचा, ठप ठप, म्हणजे लाकडातून ते मनगटाला कळतं आणि आबा वर बघतात. मग डोळ्यांत डोळे घालून बोलायचं, म्हणजे ओठ वाचता येतात. आणि बोलायचं ते पोटातून, तोंड पूर्ण उघडून, तोंडातल्या तोंडात नाही. त्या घरात टेबलावर हात मारण्याला हाक मारणं म्हणत. शेजारपाजारचे सुरुवातीला दचकायचे, मग त्यांनाही सवय झाली.

हीच पोरगी कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष म्हणून निवडून आली होती. भाषणाच्या दिवशी ऐन वेळी माईक बंद पडला. बाकीचे उमेदवार माईकवाल्याला शोधत फिरत राहिले, हिने मात्र तसंच भाषण ठोकलं, आणि शेवटच्या रांगेत डुलक्या काढणारेही जागे झाले. मतं पडली ती त्या आवाजाला. कॉलेजच्या जिन्यात आजवरच्या अध्यक्षांचे फोटो ओळीने लावलेले आहेत. झाडून सगळे गोरे, फार तर एखादा उन्हात रापलेला. भोंगा काळी. आबांसारखीच काळी, आणि केसही त्यांच्यासारखेच, कंगव्याला दाद न देणारे. घराण्याच्या कितीतरी पिढ्या याच शहरात जन्मल्या आणि इथेच मेल्या, तरी बसमध्ये शेजारी बसलेला माणूस हटकून विचारायचा, "मूळचे कुठले तुम्ही?" आबा सांगायचे, "मागच्या गल्लीतले."

त्या दिवशी डॉक्टरकडून परत आले तेव्हा भोंगा आरशासमोर उभी होती. तिने हात पाठीमागे घट्ट बांधले होते, नजर खाली, आणि ओठ उघडायचे नाहीत असं ठरवल्यासारखे जेमतेम हलत होते. आबा दारातूनच आरशातले ओठ वाचायला लागले. "माझं आपलं असं मत आहे... कदाचित मी चुकत असेन..." मग ती थांबली, मान आणखी खाली घातली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली, आता आणखी एक 'कदाचित' घालून.

आबांनी दाराच्या चौकटीवर हात मारला, ठप ठप. ती दचकून वळली.

"डॉक्टरीण म्हणते, माझा कान ठणठणीत आहे. आता तुझं काय बिनसलंय ते सांग."

तिने सांगायला सुरुवात केली. ऐकू येईना.

"मोठ्याने," आबा म्हणाले.

"तेच तर करायचं नाहीये आबा," ती म्हणाली, आणि हे मात्र त्यांना ऐकू आलं, कारण तिचा आवाज फुटला होता.

तक्रार आली होती. मंडळाच्या उपाध्यक्षाने लिहिली होती, आणखी काही सदस्यांनी खाली सह्या केल्या होत्या. अध्यक्ष टेबलावर हात आपटतात. डोळे रोखून बघतात. ओरडून बोलतात. सदस्यांना बैठकीला यायची धास्ती वाटते. शुक्रवारी सगळ्या मंडळासमोर सुनावणी होणार, आणि तक्रार मान्य झाली तर भोंग्याला पद सोडावं लागणार. मंडळाचं काम बघणाऱ्या बाईंनी तिला बाजूला घेऊन समजावलं होतं, की तोवर जरा मऊ घे, चांगलं दिसेल. म्हणून ती मऊ घेत होती. घरातही घेत होती, सवय मोडायला नको म्हणून.

"उपाध्यक्ष म्हणजे तो, पोस्टर रंगवायला आला होता तो?" आबांनी विचारलं. नखं कुरतडणारा, लाल कानांचा तो मुलगा त्यांना आठवत होता. चांगला वाटला होता. चहा प्यायला, कप स्वतः विसळून ठेवला.

"तोच."

आबा खुर्चीत बसले. हात आपटते, रोखून बघते, ओरडते. तिन्ही आरोपांवर त्यांना आपलंच नाव दिसत होतं. पोरगी यातलं एकही बाहेर शिकली नव्हती.

"मी येतो," ते म्हणाले. "मी सांगतो त्यांना. हे सगळं माझ्या कानापायी आहे म्हणून."

"नाही." ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि नेहमीसारखं त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तुम्ही कुणाला काही सांगायचं नाही. ते खरं कारण नाहीये."

"खरंच तर आहे."

"मी टेबलावर हात मारते त्याचं ते कारण आहे. त्यांना भीती वाटते त्याचं नाही."

आबांना यातला फरक कळला नाही, किंवा समजून घ्यायचा नव्हता. पोरीचं पद वाचवायची किल्ली आपल्या खिशात आहे आणि ती म्हणते दार ढकलूनच उघडेन, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी मान डोलावली. ही मान मिठाच्या वेळची मान होती, हे तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाहेर पडल्यावर त्यांनी इस्त्रीचा कोट चढवला, खणातलं मशीन काढून कानात घातलं आणि बाईंचं ऑफिस गाठलं.

बाई वाईट नव्हत्या. हे सांगायलाच हवं, कारण त्या वाईट असत्या तर सगळं सोपं झालं असतं. त्यांनी आबांना स्वतः उठून खुर्ची दिली, खिडकी लावून घेतली, पाणी मागवलं. आबांनी सगळं सांगितलं, बॉयलरपासून टेबलापर्यंत. बाई ऐकता ऐकता हळूहळू खुलत गेल्या. त्या काहीतरी बोलल्या, पण मशीनमध्ये पंख्याचीच घरघर येत होती. आबांनी कानामागे हात धरला. तेव्हा बाईंनी त्यांचं लक्ष वेधायला टेबलावर हात मारला, पुढे वाकून त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि आवाज चढवून म्हणाल्या, "अहो, हे आधीच सांगायचं नाही का! प्रश्नच मिटला!"

आवाज ऐकून बाहेरच्या शिपायाने दार किलकिलं केलं. आत एक नजर टाकली, म्हाताऱ्या माणसाशी बाई किती आपुलकीने बोलतायत ते बघून गालात हसला आणि दार लोटून घेतलं.

"आम्हाला आपलं वाटलं," बाई पुढे म्हणाल्या, "की तुमच्या लोकांत बोलण्याची पद्धतच तशी असते. राग मानू नका हं."

आबांनी राग मानला नाही. असली वाक्यं ते जन्मभर गिळत आले होते, आणि काम साधत असेल तर आणखी एक गिळायला त्यांची हरकत नव्हती. बसमध्ये बसल्यावर मात्र त्यांना तो शिपाई आठवला. टेबलावर हात, डोळ्यांत डोळे, आणि आवाज पार व्हरांड्यापर्यंत. बाईंनी तिन्ही गोष्टी एका दमात केल्या होत्या, आणि शिपाई हसला होता. आपला थांबा आला तरी ते बसून राहिले, आणि पुढच्या थांब्यावरून चालत घरी आले.

शुक्रवारी ते सुनावणीला गेले. भोंग्याला त्यांनी फक्त येतो म्हणून सांगितलं होतं, नुसतं बसायला. मंडळाची खोली लांबोडकी होती. मधे एक भलंमोठं टेबल, भोवती सदस्य, भिंतीला लागून बघ्यांसाठी बाकं. आबा शेवटच्या बाकावर मशीन घालून बसले. खुर्च्या ओढल्याचे, कुणीतरी पेन टकटकवल्याचे, खिडकीची कडी हलल्याचे सगळे आवाज इमानेइतबारे येत होते. माणसांचं मात्र गुळगुळीत काहीतरी ऐकू येत होतं. टेबलाच्या एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला भोंगा. हात मांडीवर घट्ट दाबून ठेवलेले, जणू सोडले तर पळून जातील. तिच्या उजवीकडे तो लाल कानांचा उपाध्यक्ष. आणि कोपऱ्यात पहिल्या वर्षाची प्रतिनिधी, भोंग्याच्याच रंगाची एक किडमिडीत मुलगी. साऱ्या खोलीत त्या रंगाची आबांना धरून तीनच माणसं होती.

बाईंनी बोलायला सुरुवात केली. त्या आता आबांच्या सोयीसाठी ठासून बोलत होत्या.

"तक्रार आपण सगळ्यांनी वाचली आहे. पण आता एक गोष्ट समोर आली आहे. अध्यक्षांच्या आजोबांना ऐकू येत नाही. ते स्वतः येऊन मला भेटले. लहानपणापासून त्यांच्याशी बोलून बोलून हिला ही सवय लागली. म्हणजे दोष मुलीचा नाही, परिस्थितीचा आहे. तेव्हा तिने दिलगिरी व्यक्त करावी, यापुढे आवाज खाली ठेवावा, आणि तक्रार मागे घ्यावी. कुणाची हरकत?"

हरकत कुणाची असणार. टेबलाभोवती सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. उपाध्यक्षाने तर सुटकेचा निःश्वासच टाकला. आणि मग सगळ्यांनी मागे वळून आबांकडे बघितलं, मोठ्या मायेने. आबांकडे आयुष्यात लोकांनी नाना तऱ्हांनी बघितलं होतं, इतक्या मायेने क्वचितच. तरीही त्यांना बाकाखाली शिरावंसं वाटलं, कारण त्यांच्याकडे न बघणारं एकच माणूस होतं, आणि ती भोंगा होती.

ती उठली. बोलायला लागली. आबांना काही ऐकू येईना. मशीनमध्ये पेनची टकटक, खिडकीची कडी, कुणाचातरी घसा, आणि पोरीचा आवाज कुठेच नाही. त्यांनी ओठांवर नजर लावली. "बाईंचे आभार..." हे कळलं. "माझं आपलं असं मत आहे..." हेही कळलं. मग 'कदाचित' आलं. ओठ जेमतेम हलत होते, आरशासमोर हलत होते तसेच. ती माफी मागत होती की नाही हेदेखील त्यांना कळेना, आणि त्यांच्या मनात आलं, की आज ही अशी सुटली तर यापुढे अशीच बोलेल. इथेही, घरीही. पद राहील, पण भोंगा राहणार नाही. आणि हे आपण स्वतःच्या पायांनी येऊन घडवलं.

घरात त्या दोघांची एक रीत होती. भोंगा काही महत्त्वाचं सांगायला आली, की आबा मशीन कानातून काढून ठेवत. म्हणजे आता मला जगातलं दुसरं काही ऐकायचं नाही, तू बोल. आबांनी मान वर केली, ती बघेपर्यंत वाट बघितली, आणि तिने बघितल्यावर मशीन कानातून काढून कोटाच्या खिशात घातलं.

खोली शांत झाली. कड्या, खुर्च्या, पेन, सगळं गेलं.

भोंगा वाक्याच्या मधेच थांबली होती. ती आबांकडे बघत राहिली. मग तिने अंगाशी दाबून धरलेले हात सोडले, उजवा तळहात टेबलावर मारला, ठप ठप, मान ताठ केली आणि बाईंच्या डोळ्यांत बघून बोलायला लागली. आबांना शब्द न् शब्द ऐकू आला.

"आबांनी सांगितलं ते खरं आहे. आमच्या घरी याला हाक मारणं म्हणतात. पण हे कारण मी इथे वापरणार नाही. मागच्या वर्षी आपले अध्यक्ष याच टेबलावर मूठ आपटायचे. एकदा पेला फुटला. तेव्हा आपण काय म्हणालो? तडफदार आहे म्हणालो. मीही म्हणाले, टाळ्या वाजवल्या. त्यांच्या आजोबांना ऐकू येतं की नाही, हे विचारायला कुणी गेलं का? ते चिडले, म्हणून ओरडले, आणि त्यांचं चिडणं आपल्याला चाललं. मी तर चिडलेही नव्हते. आणि समजा चिडले असते, तर मला चिडायला घरात बहिरा आजोबा लागतो का?"

कोपऱ्यातल्या मुलीने मान वर केली होती.

"ही उद्या अध्यक्ष झाली तर?" भोंगा तिच्याकडे हात करून म्हणाली. "हिच्या आजोबांचे कान उत्तम आहेत, मी विचारलंय. मग हिने काय कारण आणायचं?"

मग ती उपाध्यक्षाकडे वळली. आबांना वाटलं, आता ही त्याला सोलून काढणार. पण तिने विचारलं ते घरात मीठ मागायची त्या सुरात, फक्त पूर्वीसारखं, मोठ्याने.

"मागच्या वर्षी त्यांनी तुझी फाइल खिडकीबाहेर फेकली होती. आपण दोघं खाली जाऊन कागद गोळा करत होतो. तेव्हा तुला भीती वाटली होती का?"

उपाध्यक्षाचे कान आणखी लाल झाले. त्याने मान हलवली, हो.

"मग तेव्हा तक्रार का नाही केलीस?"

मग त्याचे ओठ हलले, पण मान खाली होती आणि आबांना ते वाचता आले नाहीत. आणि इथे भोंग्याने जे केलं ते मुद्दाम केलं नव्हतं. लहानपणापासून, दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये, दुसऱ्या कुणी बोललेलं आबांना कळलं नाही की ती ते त्यांच्याकडे वळून मोठ्याने सांगायची. तशीच ती आत्ता वळली आणि सवयीने म्हणाली,

"त्याला सुचलंच नाही, म्हणतोय. त्यांच्याविरुद्ध तक्रार करता येते हे डोक्यातच आलं नाही म्हणे."

म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. ती खाली बसली. आता सगळी खोली उपाध्यक्षाकडे बघत होती, आणि त्याने तोंडावर हात धरला होता. तो रडत नव्हता, पण रडू फार लांब नव्हतं. आबांना त्याची दया आली. दगा द्यायचा म्हणून त्याने तक्रार केली नव्हती. त्याला खरोखरच भीती वाटली होती, आणि आपण कशाला भ्यायचं हे आपल्याला कुणी शिकवलं, हा प्रश्न त्या बिचाऱ्याच्या वाट्याला आज पहिल्यांदाच आला होता.

बाई काही म्हणाल्या. काय ते आबांना ऐकू आलं नाही, पण पुढचं बघायला कान लागत नव्हते. तक्रार पुढे चालवावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करायचे होते. एक हात वर झाला, मग दुसरा. आणखी एक अर्ध्यावर येऊन, शेजारी बघून, खाली गेला. उपाध्यक्षाचे दोन्ही हात टेबलावरच राहिले. बाईंनी टेबलभर नजर फिरवली, समोरचा तक्रारीचा कागद मिटून ठेवला, आणि आबांकडे न बघता पाणी प्यायल्या. ज्यांचे हात वर झाले होते ते जाताना भोंग्याकडे न बघता निघून गेले. सगळं काही गोड झालं असं नाही.

व्हरांड्यात ती आबांपुढे येऊन उभी राहिली.

"तुम्ही बाईंना सांगितलंत."

"सांगितलं."

"मी नको म्हटलं होतं."

"मला भीती वाटली," आबा म्हणाले.

"पद जाईल म्हणून?"

"आधी तेच वाटलं. मग आत बसल्यावर वाटलं, पद राहील आणि तू अशीच बोलत राहशील." त्यांना शब्द जुळवावे लागत होते. "मला दुसरं कुणी ऐकूच येत नाही गं. तू गप्प झालीस तर माझ्यासाठी सगळंच गप्प झालं."

भोंग्याने त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली, नीट होती तरी केली, आणि मग त्यांचा हात धरून जिना उतरायला लागली. भिंतीवरचे अध्यक्ष ओळीने मागे पडत गेले.

पुढच्या बैठकीच्या दिवशी संध्याकाळी आबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. मशीन खणात होतं. भोंगा घरी आली ती थेट स्वयंपाकघरात गेली, आणि कांदा चिरता चिरता तिथूनच सांगायला लागली. शेजारच्या घरातल्या खिडकीत एक डोकं दिसलं आणि सवयीने पुन्हा आत गेलं.

"आबा, आज बैठकीत नुसता कालवा. सगळे एकदम बोलायला लागले, कुणी कुणाचं ऐकेना. मी हात उचलणार, तेवढ्यात बाजूने आवाज आला, ठप ठप. बघते तर उपाध्यक्ष. माझ्याहून जोरात मारला हो त्याने. पाण्याचा जग हलला. आणि सगळ्यांकडे डोळे फाडून बघत ओरडला, 'अध्यक्षांना बोलू द्या!'"

"मग?" आबांनी पेपर खाली ठेवला.

"मग काय. सगळे चिडीचूप." सुरी थांबली. "कुणालाच भीती वाटली नाही."

आबा आधी हसले. मग त्यांना बाईंचा तो शिपाई आठवला. स्वयंपाकघरातून तिचं हसू ऐकू येत होतं, आणि त्या हसण्याच्या तळाशी काय होतं तेही त्यांना ऐकू येत होतं, मशीनशिवाय.

"आबा, ऐकू आलं ना?" तिने विचारलं.

"नाही," आबा धडधडीत खोटं बोलले. "पुन्हा सांग."